सहप्रवाशाला कल्पना नव्हती

अनू,

आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि अर्धवट कामं मला चालत नाहीत हे तुला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे. टोकियोच्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर चौघींनी लिहिलंय. तू किती हसतमुख होतीस, गणपतीत एकटीने सगळे उकडीचे मोदक कसे वळलेस, नागोयाहून शिंकानसेनने, त्या बुलेट ट्रेनने, डबे भरभरून कशी यायचीस. सगळं खरं आहे. मोदक झाल्यावर ओटा कोणी पुसला हे कोणी लिहिलेलं नाही, पण ते असो.

तू गेलीस त्याला सात आठवडे झाले. ऑफिसात, मंगळवारी सकाळी, कॉफीच्या मशीनसमोर. डॉक्टर ईशाला म्हणाले, आईला काही कळलंसुद्धा नसेल. मला ते वाक्य पटलं नाही. तुला सगळं कळायचं. फक्त तू सांगायची नाहीस. माझी तक्रार तीच आहे.

आपलं भांडण एका नदीवरून होतं. झांबियातली लुआंग्वा. तिथे परत जायचं की नाही, एवढाच मुद्दा. दोन वर्षं आपण तो घोळवला, तू नागोयातून आणि मी टोकियोजवळच्या ग्योतोकुतून, रविवारी सकाळी फोनवर, दोन्हीकडे वॉशिंग मशीन चालू ठेवून. तू म्हणायचीस जाऊ या, मी म्हणायचे तुला घेणार नाहीत. आता मुद्दा आपोआप निकालात निघाला असं कुणालाही वाटेल. तो निघालेला नाही.

हे खूळ तुझं होतं, हे आधी सांगून ठेवते. तुझ्या कारखान्यातल्या कॅलेंडरवर मातीच्या उभ्या कड्याला चिकटलेल्या लाल पक्ष्यांचा फोटो होता. आपल्याकडच्या वेड्या राघूचे लाल भाऊबंद. तू जेवणाच्या सुट्टीत मला फोन केलास.

"हेडबाई, रजा किती शिल्लक आहे?"

"बावीस दिवस. का?"

"वापरणारेस का वर जाताना बरोबर नेणारेस?"

तू गेलीस तेव्हा तुझी स्वतःची अकरा दिवस रजा शिल्लक होती, अनू. कंपनीने ईशाला कागद दिला त्यावर लिहिलेलं होतं. मी तो आकडा वाचला आणि इतकी चिडले की ईशाला म्हटलं, चहा टाक.

मी हेडबाई, कारण याद्या मी करायचे. मलेरियाच्या गोळ्या, व्हिसा, अंगावर डास न बसणाऱ्या रंगाचे कपडे. छोट्या विमानात पंधरा किलोंची मऊ बॅग, एक किलोसुद्धा जास्त नाही. मी माझी बॅग घरच्या काट्यावर तीनदा तोलली. लुसाकाला त्या चिमुकल्या विमानाच्या काउंटरवर तुझी एकोणीस भरली. तू तिथेच बॅग उघडलीस, चार शर्ट एकावर एक चढवलेस, जॅकेटच्या खिशांत मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी कोंबलीस आणि काट्यावर बॅग परत ठेवलीस. पंधरा. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमच्या देशात फार थंडी आहे का?" तू म्हणालीस, "तुमच्याकडे काय मिळतं माहीत नव्हतं." त्याने शांतपणे सांगितलं, "आम्ही पण जेवतो." मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

तुला मी हे आधी कधी सांगितलं नाही. तुझ्याबरोबर असताना मी पुष्कळदा दुसरीकडे बघत उभी राहिलेली आहे.

पण नदी. नदीबद्दल तुझं बरोबर होतं. सप्टेंबरात ती आटलेली, रुंद वाळूतून वळणं घेत जाणारी, आणि प्रत्येक डोहात पाणघोडे एकमेकांच्या पाठीवर हनुवटी टेकून पडलेले. काठावर सहा तंबू. कुंपण नाही. मागे चिंचेची झाडं, आपल्या चिंचेसारखीच चिंच, आणि तू पहिल्या तासात खाली पडलेल्या दोन शेंगा उचलून चाखल्यास. कॅम्पची व्यवस्थापक ग्रेस, आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि आपल्या दोघींपेक्षा जरबेची, तिने पहिल्याच संध्याकाळी नियम सांगितले. धावायचं नाही. अंधार पडल्यावर एकटं चालायचं नाही. आणि तंबूत खाण्याची कुठलीही वस्तू ठेवायची नाही, फळं तर नाहीच. असेल ते स्वयंपाकघरात द्या, तिथे लोखंडी पेटी आहे. हत्तीला संत्र्याचा वास फार लांबून येतो. मी ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. तुझं मेतकूट मी स्वतः नेऊन पेटीत टाकलं.

त्या पहिल्या खेपेला आपण रोज भांडलो. पहाटे चालत निघायचं, पुढे बंदूकवाला पहारेकरी, मग वाटाड्या, मग आपण एका रांगेत. मला बिबट्या बघायचा होता, सिंह बघायचे होते, यादीवर खुणा करायच्या होत्या. तुला त्या लाल पक्ष्यांच्या कड्यासमोर बसायचं होतं. एकदा नाही, रोज.

"अगं काल बघितले ना हे?"

"कालचे काल होते."

"तेच आहेत, अनू. बिळंसुद्धा तीच."

"तू बिळं मोजलीस? बघ, म्हणजे तुलाही आवडतंय."

मी बिळं मोजली होती. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. चौथ्या दिवशी मी मोजायचं सोडून दिलं आणि नुसती बसले. त्या एका तासात माझ्या डोक्यात काहीही चाललं नव्हतं. जपानला आल्यापासून पहिल्यांदा. ऑफिसची कागदपत्रं नाहीत, नवऱ्याच्या गोळ्या नाहीत, मुलाच्या परीक्षा नाहीत, बुधवारी कुठला कचरा आणि शुक्रवारी कुठला, काही नाही. परतताना मी तुला म्हटलं, बरं होतं. तू म्हणालीस, "बरं? हेडबाईंकडून बरं म्हणजे पैकीच्या पैकी." हे मी तुझं देणं लागते, आणि ते मी कबूल करते. आता पुढचं.

दुसऱ्या वर्षी तू मिकान आणलीस.

जपानी संत्री. सप्टेंबरात मिळतात ती काचघरातली, एकसारखी, एकेका खणात बसवलेली, बारांचा खोका, वर कागद आणि दोरी. नागोयाच्या डिपार्टमेंट स्टोअरमधून. मला लुसाकाच्या विमानतळावर कळलं, तेव्हा उशीर झाला होता.

"फळं आणलीस? परदेशात? वेडी आहेस का तू? ते नियम..."

"ओमियागे आहे गं. दुसऱ्यांदा जातोय आपण. ओळखीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं?"

"घर नाहीये ते. कॅम्प आहे."

"ग्रेसचं घरच आहे."

कोणी बॅग उघडली नाही. आपण पोचलो तेव्हा ग्रेस गावाला गेलेली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होती. मी म्हटलं, खोका स्वयंपाकघरात देऊन टाक. तू म्हणालीस, दोन्ही हातांनी तिच्याच हातात द्यायचा, खानसाम्याकडे टाकून दिल्यासारखा नाही. तुझ्या आईचं वळण आणि तुझ्या कंपनीचं वळण इथे एक झालं, त्यापुढे हत्तीचा काय पाड. मी आणखी जोर लावायला हवा होता. लावला नाही. उलट सकाळी चालून आल्यावर उकडत होतं म्हणून तू खोक्याची दोरी सोडलीस आणि म्हणालीस, दहा दिले तरी चालतील, आणि आपण एकेक मिकान सोलून खाल्लं. मग मी आणखी एक घेतलं. मग दोन माझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात टाकली, दुपारसाठी. सालं मी प्लास्टिकच्या पिशवीत भरली, हवा काढली, दोन टोकं आवळून गाठ मारली आणि तंबूतल्या कचऱ्याच्या डब्यात ठेवली. ग्योतोकुत ठेवते तशी. जळणारा कचरा.

म्हणजे मला माहीत होतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

दुपारी तीनचा सुमार. आपण काठावर चहा घेत होतो. मागून जुनी चादर टरकवावी तसा आवाज आला. मोठा नर हत्ती, उजव्या कानाला खाच, आपल्या तंबूच्या भिंतीतून अर्धा आत. तंबूंची व्यवस्था बघणारे म्वाले, साठीचे गृहस्थ, आपल्या जगमध्ये पाणी ओतायला निघाले होते. ते मागे फिरले आणि दोरखंडात पाय अडकून मनगटावर पडले. वाटाड्याने टाळ्या वाजवल्या, कोणी गाडी सुरू करून रेटली. हत्तीने घाई केली नाही. त्याने खोका संपवला, कागदासकट. मग कचऱ्याचा डबा. मग माझी बॅग उचलली आणि बाजूचा कप्पा फाडला. आणि मग गेला, नदीच्या दिशेने, एखादं काम उरकून जावं तसा.

ग्रेस संध्याकाळी आली. सगळे पाहुणे जमलेले. चार इंग्रज आणि ओसाकाचं एक वयस्कर जोडपं. म्वाल्यांचा हात फळीला बांधलेला. ग्रेसने आवाज चढवला नाही. तिने विचारलं, हे कोणाचं होतं, आणि दोघींना माहीत होतं का?

मी म्हणाले, "मला काहीच कल्पना नव्हती."

अनू, मी ते ठरवून बोलले नाही. तोंडातून निघालं. त्या ओसाकाच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. आदल्या रात्री जेवताना त्यांनी माझ्या जपानीचं कौतुक केलं होतं, आणि म्हणाल्या होत्या, तुम्ही अगदी आमच्यासारख्याच नेटक्या. अठरा वर्षं मी या देशात एवढ्यासाठीच घालवली आहेत. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली वेगळी. वरच्या मजल्यावर कोणी चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली की शेजारी आधी आमच्या दाराकडे बघतात, म्हणून माझी पिशवी नेहमी पारदर्शक, नेहमी गाठ मारलेली. आणि आता सगळे उभे राहून बघणार की त्या इंडियन बायकांनी फळं लपवून आणली. बायकांनी नाही, बाईने. एका बाईने. एवढीच सुधारणा मी केली.

तू कमरेतून वाकलीस, जपानी पद्धतीने, आणि तशीच वाकलेली राहिलीस. मी पुढे काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तू जमिनीकडे बघत मराठीत म्हणालीस, "गप. दोघी कशाला?" मग इंग्रजीत, मोठ्याने, "सगळी माझी होती. हिच्या बॅगेत मीच ठेवली. हिला माहीत नाही."

मला बरं वाटलं. लाज नंतर वाटली, आधी बरंच वाटलं. तेही लिहून टाकते.

ग्रेस म्हणाली, असा चटावलेला हत्ती पुन्हा येतो, मग पुन्हा, आणि एक दिवस कुणाला तरी त्याला गोळी घालावी लागते. तिने ते तुला सांगितलं. तू मान हलवत राहिलीस. निघताना ती तुला म्हणाली, पुढच्या वर्षी तुम्हाला इथे घेता येईल असं मला वाटत नाही. मला ती म्हणाली, प्रवास सुखाचा होवो.

आणि तू विमानात बसल्यावर काय बोललीस? "कड्यात यंदा बिळं जास्त आहेत ना गं?"

दोन वर्षं. त्या दोन वर्षांत तू एकदाही तो विषय काढला नाहीस. काढला असतास तर मी भांडले असते, आणि भांडणात खरं निघालं असतं. तुझं आणि माझं सगळं खरं भांडणातच निघालेलं आहे. तू काय करायचीस? "जाऊ या ना परत."

"तुला घेणार नाहीत, अनू. ग्रेसने सांगितलंय."

"तू म्हणशील तेव्हा जाऊ."

"माझ्या म्हणण्याचा काय संबंध? दुसरा कॅम्प बघू. दुसरी नदी बघू."

"तू म्हणशील तेव्हा," एवढंच. मला वाटायचं तू रजेबद्दल बोलते आहेस. मी तुला होक्काइदोला सारस दाखवायला नेलं. उणे बारा तापमानात तू बर्फात उभी राहिलीस, सारस नाचले, सगळ्या जपान्यांनी श्वास रोखले, आणि तू म्हणालीस, "छान आहेत हं. तुझ्या यादीत होते का?" मी तुझ्याशी हॉटेलपर्यंत बोलले नाही.

आता फाईल.

दोन आठवड्यांपूर्वी मी नागोयाला गेले, ईशाला मदत करायला. घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचं आहे. सोफ्यावर आणि कपाटावर मोठ्या कचऱ्याचे स्टिकर लावले, भांडी वेगळी केली, तुझी भाजणी मी घरी आणली. ईशाने निळी फाईल माझ्यापुढे ठेवली. तिचं मराठी तुला माहीत आहे, भावना अनावर झाल्या की जपानीत जाते.

"मावशी, हे वाच. आईने केवढं मेइवाकु केलंय."

मेइवाकु. दुसऱ्याला आपला त्रास. तुझ्या मुलीला बालवाडीपासून शिकवलंय की माणसाने एवढी एकच गोष्ट करायची नाही.

तुझी शिमात्सुशो होती ती. ऑफिसात चूक झाली की आपण लिहून देतो तो कबुलीनामा. तू तो परत आल्याच्या आठवड्यातच इंग्रजीत लिहून ग्रेसला पाठवला होतास, आणि ही सही-शिक्क्याची प्रत ठेवली होतीस. तुझ्या गुणवत्ता विभागाच्या ठरलेल्या नमुन्यात. घटना, नुकसान, कारण, उपाय. आणि कारणाखाली तुमचे ते पाच 'का'. एखादा नट सैल निघाला तरी तुम्ही पाचदा का विचारता, तसे.

हत्ती तंबूत का आला? संत्र्यांच्या वासाने.

संत्री तंबूत का होती? मी स्वयंपाकघरात दिली नाहीत म्हणून.

का दिली नाहीत? यजमानांच्या हाती स्वतः द्यायची होती म्हणून.

तसं का वाटलं? रिकाम्या हाताने कोणाकडे जाऊ नये असं मला घरी आणि कामावर दोन्हीकडे शिकवलं आहे म्हणून.

नियम माहीत असूनही धोका का दिसला नाही? मी कॅम्पला यजमान समजले. यजमान हत्ती होते.

आणि शेवटी, वेगळ्या ओळीत: सहप्रवाशाला कल्पना नव्हती.

सव्वीस वर्षं तू अहवाल लिहिलेस. एका बोल्टच्या मापात तू कधी खोटं लिहिलं नाहीस, साहेबाने सांगूनसुद्धा लिहिलं नाहीस, त्यापायी तुझं एक प्रमोशन गेलं ते मला माहीत आहे. हे एकच वाक्य तू खोटं लिहिलंस. तेही नीट टाइप करून, खाली शिक्का मारून.

"एका माणसाचा हात मोडला," ईशा म्हणाली. "हत्तीला मारलंही असेल. आणि आईने मला सांगितलं काय, तर ट्रिप मस्त झाली. आई अशीच. कधी नियम पाळायची नाही. तुला पण किती त्रास दिला असेल."

मी काय म्हणाले असेन, अनू? तू ओळखतेस मला.

मी म्हणाले, "हं."

दुसऱ्यांदा. पहिल्यांदा निदान हत्ती होता, ओसाकाच्या बाई होत्या. इथे तुझी मुलगी, तुझा ओटा, तुझ्या चहाच्या कपात चहा. ईशा म्हणाली, "ही फाईल तूच ने. मला नको." मी ती पिशवीत घातली. न्यायचं काही कारण नव्हतं, ठेवायचंही नव्हतं.

परतीच्या शिंकानसेनमध्ये कबुलीनाम्यामागच्या खिशात ग्रेसचं उत्तर सापडलं. ईशाने तिथपर्यंत बघितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीचं. म्हणजे तुला ते महिन्याभरातच मिळालं होतं.

ग्रेसने लिहिलं होतं की म्वाल्यांचं मनगट बरं होत आलंय. कानाला खाच असलेला हत्ती त्यानंतर पुन्हा एकदा येऊन रिकामा तंबू हुंगून गेला, आता नदीपलीकडे दिसतो, कॅम्पमध्ये आलेला नाही. असं पत्र आम्हाला आजवर कोणी लिहिलं नव्हतं, म्वाल्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. तुम्ही दोघी जरूर या. फळं आणू नका. आणि शेवटी हे: म्वाले म्हणतात, डब्यातली सालांची पिशवी फाटली होती पण गाठ शाबूत होती. ते म्हणतात, दोन वर्षं या दोघींचा तंबू मी झाडतो, पत्र लिहिणाऱ्या बाई कधी कशाला गाठ मारत नाहीत. त्यांचं म्हणणं मी तुम्हाला फक्त कळवते. आम्ही काही विचारणार नाही.

शिन-योकोहामा कधी गेलं मला कळलं नाही. मी टोकियोपर्यंत गेले आणि उतरल्यावर फलाटावर एका बाकावर बसले आणि तुझ्यावर इतकी चिडले की घरी नेणाऱ्या दोन तोझाई मेट्रो चुकल्या असतील.

सगळ्यांना माहीत होतं! म्वाल्यांना, ग्रेसला, तुला. तुला घेणार होते. तुला कधीच बंदी नव्हती. दोन सप्टेंबर आले आणि गेले, नदी आटली, ते लाल पक्षी आले, बिळं खणली, आणि तू नागोयात बसून मला म्हणत होतीस, "तू म्हणशील तेव्हा." रजेबद्दल बोलत नव्हतीस तू. त्या एका वाक्याबद्दल बोलत होतीस. वाट बघत होतीस. मी आपणहून म्हणावं म्हणून.

अगं पण माझी वाट बघतं का कोणी अशी? मला सांगायचं असतं, अनू! तोंडावर. "खोटारडे, तुला माहीत होतं" म्हणायचं, मी दोन दिवस फोन उचलला नसता, तिसऱ्या दिवशी याद्या करायला घेतल्या असत्या. तू माझी बाजू सांभाळलीस असं तुला वाटलं असेल. तू मला ग्रेससमोर तशीच उभी ठेवलीस. आणि मी? मला चार शब्दसुद्धा लागले नसते. मी रोज कस्टम्सचे फॉर्म भरते, त्यात एक आकडा चुकला तर त्याच दिवशी दुरुस्ती पाठवते. हे दोन वर्षं पाठवलं नाही. मी ओरडते आहे ते निम्मं तुझ्यावर आहे. उरलेलं निम्मं कोणावर, ते तू मोजत बस.

मग गेल्या शनिवारी परत नागोयाला गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी पुन्हा "हं" म्हणाले असते. ईशा रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून पुस्तकांचे गठ्ठे बांधत होती. मी चप्पलसुद्धा नीट लावली नाही. म्हटलं, "ईशा, ती मिकान मीही खाल्ली. सालं माझी होती. मला माहीत होतं आणि मी नाही म्हणाले. तुझ्या आईने मला झाकलं." मग ग्रेसचं पत्र दिलं.

तिने ते सावकाश वाचलं. मग कबुलीनामा वाचला, मग परत पत्र.

"आईला माहीत होतं की त्यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तुला?"

"मला गेल्या आठवड्यात कळलं."

"आणि तू तेव्हा 'हं' म्हणालीस."

"हो. ते पत्राच्या आधी. पण हो."

तिने दोन्ही कागद जुळवून मांडीवर ठेवले. रडेल असं वाटलं. रडली नाही, तुझी मुलगी आहे पण वाढली माझ्यासमोर. शेवटी म्हणाली, "मेंदोकुसाई. तुम्ही दोघी ना, नुसत्या कटकट आहात." मग पुस्तकांच्या गठ्ठ्यातून पट्टी काढली. "मावशी, तुझ्या नावाचा शिक्का आहे ना तुझ्याकडे?"

माझ्या पर्समध्ये शिक्का नसेल असा दिवस नाही.

"दोन रेघा. पट्टीने. खाली जे आहे ते वाचता आलं पाहिजे, खोडरबर नाही चालत. वर बरोबर ते लिही. मग शिक्का, अर्धा रेघेवर. मी बाइतोला, पार्टटाइम कामावर, रोज हेच करते."

मी पट्टी ठेवून तुझ्या वाक्यावर दोन रेघा मारल्या. वर इंग्रजीत लिहिलं: सहप्रवाशाला माहीत होतं. तिनेही खाल्ली. पट्टी ईशाने धरली होती. ती म्हणाली, आता याची एक प्रत तिकडे पाठव, मूळ कागद मी ठेवणार. मग तिने विचारलं, ते पक्षी खरंच तेवढे लाल असतात का? मी म्हटलं, फोटोपेक्षा जास्त. येतेस का, असं मी विचारलं नाही. तिची परीक्षा ऑगस्टमध्ये संपते, एवढं मला माहीत आहे.

प्रत ग्रेसला गेली आहे. शिक्का जरा तिरका बसला. तू असतीस तर नवीन कागदावर पुन्हा करायला लावलं असतंस. मी तसाच पाठवला.